वचनाचं कार्ड, नाताळची मुदत आणि 'दत्तक म्हणजे इश्माएल'

अबोली_नगर
सगळ्यांना सलाम. प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, मूल नाही. तपासण्या, इंजेक्शनं, आयव्हीएफ, त्याचं कर्ज, सगळं करून आता थांबलोय. आमच्या मंडळीत (म्हणजे चर्चमध्ये) 31 डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत एका ताटात वचनांची कार्डं ठेवतात. बारा वाजून गेले की एकेकाने पुढे जाऊन कार्ड उचलायचं आणि मोठ्याने वाचायचं. गेल्या खेपेला माझ्या हाताला बायबलातल्या स्तोत्र 113 मधलं नववं वचन आलं. ज्यांना पाठ आहे त्यांना कळलंच असेल. वांझेला देव मुलाबाळांची आनंदी आई करतो, ते. मी वाचलं, मागच्या बाकावरून कुणीतरी 'हालेलूया' म्हणालं आणि मग बायका गळ्यातच पडल्या. थोड्याच दिवसांनी बाहेरगावाहून आलेल्या एका प्रचारकांनी डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "पुढच्या नाताळात बाळ मांडीवर असेल."

आता ऑक्टोबर संपत आला. नऊ महिन्यांचं गणित मंडळीतल्या बायकांनाही येतं. उपासना सुटल्यावर बाहेर चपला शोधताना सगळ्यांची नजर आधी माझ्या पोटावर आणि मग तोंडावर.

मधल्या काळात आम्ही दोघांनी काराच्या (दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेच्या) पोर्टलवर दत्तकासाठी नोंदणी करायचं ठरवलं. कॉटेज मीटिंगमध्ये (घरी भरणाऱ्या प्रार्थना सभेत) सांगितलं, तर एक ताई (मनाने खरंच चांगल्या आहेत) म्हणाल्या, "अब्राहामाने घाई केली आणि इश्माएल झाला. देवाने तुला इसहाक कबूल केलाय ना? मग थांब. दत्तक म्हणजे इश्माएल." (इसहाक म्हणजे देवाने कबूल केलेला, सारेच्या पोटचा मुलगा; इश्माएल म्हणजे त्याची वाट न बघता अब्राहामाला दासी हागारेपासून झालेला.)

तर, कार्डावरचं वचन देवाने मला दिलंय असं मानायचं का? आणि नोंदणी केली तर तो अविश्वास होतो का? सासूबाई म्हणतात, फॉर्मही भरा आणि प्रार्थनाही करा. मला ते पटतं, पण ताईंचं वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाही.

देवाची_लेक
अबोलीताई, प्रभूची स्तुती असो! धीर सोडू नका. वचन देणारा विश्वासू आहे. माझ्या मोठ्या बहिणीला डॉक्टरांनी लेखी 'नाही' सांगितलं होतं. ती उपास-प्रार्थनेला बसायची, दर शुक्रवारी. आज भाचा दहावीला आहे. शंकेला जागा देऊ नका, शंकेने आशीर्वाद अडतो. नाताळला अजून वेळ आहे.

कोरडा_पाषाण
म्हणजे बाळ झालं तर देवाची कृपा, आणि नाही झालं तर बाईने शंका घेतली म्हणून. झकास. दोन्हीकडून बाईच अडकली.

देवाची_लेक
मी तसं म्हटलेलं नाही. तुमचा विश्वास नसेल तर राहू द्या, पण ज्यांचा आहे त्यांच्या धाग्यावर येऊन खडे टाकू नका.

कोरडा_पाषाण
ताई, "शंकेने आशीर्वाद अडतो" हे तुमचंच वाक्य आहे. वर जाऊन वाचा.

पाळकाचा_पोरगा
भांडण थांबवा जरा, मला बोलायचंय. मी पाळकाच्या घरातला. ती कार्डं कापायचं काम लहानपणी माझ्याकडे आणि बहिणीकडे असायचं. डिसेंबरात जेवणाच्या टेबलावर रंगीत कागद, कात्री, खळ. आई सुवाच्य अक्षरात वचनं लिहायची आणि वडील निवडायचे. ते कोणती वचनं घेत नसत, ते सांगतो. ईयोबाचं पुस्तक जवळपास नाहीच. विलापगीतातलं "दररोज नवी दया" एवढंच. स्तोत्र 88 कधीच नाही, कारण ते अंधारातच संपतं. आणि यिर्मया 29 मधलं अकरावं वचन, "तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत", हे दरवर्षी, तेही तीन-चार प्रती. त्याच्या अगदी वरचं दहावं वचन एकदाही नाही. दहाव्यात काय आहे? बाबेलमध्ये सत्तर वर्षं भरल्यावर मी तुम्हांला परत आणीन. सत्तर! यिर्मया संदेष्ट्याने बाबेलला धरून नेलेल्या लोकांना लिहिलेलं ते पत्र ज्यांनी तिशीत ऐकलं, त्यांच्यातला यरुशलेमेला परत चालत कोण जाणार होता?

आता त्याच्या आधीचा 28 वा अध्याय काढा, कारण अबोलीताईंच्या प्रचारकांची गोष्ट मला तिथेच दिसते. नबुखद्नेस्सराने राजा यखन्याला आणि हजारो लोकांना बाबेलला नेलंय. मागे राहिलेल्या यरुशलेमेत यिर्मया मानेवर लाकडी जू घालून हिंडतोय, कारण त्याला सांगायचंय की हे जोखड इतक्यात उतरणार नाही. मंदिरात, याजकांसमोर, भर लोकांत हनन्या नावाचा संदेष्टा उठतो आणि जाहीर करतो: दोन वर्षं! दोन वर्षांत राजा परत, मंदिराची भांडी परत, माणसं परत. यिर्मयाच्या मानेवरचं जू काढतो आणि तिथल्या तिथे मोडतो. त्या गर्दीत मी असतो तर मीही हनन्यालाच टाळी दिली असती.

मला त्यात सगळ्यात आवडतं ते यिर्मयाचं उत्तर. तो पहिल्यांदा, जू मोडलं जाण्याआधीच, म्हणतो, "आमेन! परमेश्वर तसंच करो." त्यालाही दोन वर्षंच हवी होती. पण तो पुढे सांगतो की शांतीचा संदेश देणारा खरा की खोटा, हे संदेश घडल्यावर कळतं. आणि निघून जातो. हनन्या त्याच वर्षी सातव्या महिन्यात मेला. यरुशलेम काही वर्षांतच, इ.स.पू. 586 च्या सुमारास, पार जळालं.

म्हणून माझं मत सांगतो, कुणाला लागलं तर लागू दे. स्तोत्र 113 देवाचं आहे. "पुढच्या नाताळात" हे त्या प्रचारकांचं आहे. ताई या दोन गोष्टी एकत्र धरून बसल्यात म्हणून त्यांचा श्वास कोंडतोय. मुदत सांगणारा दुसऱ्या गावाला निघून जातो, आणि ती मुदत संपते तेव्हा मंडळीत चपला शोधत उभी राहते ती वेगळीच बाई.

अबोली_नगर
हे वाचून मी रडले. पुढचं नंतर लिहिते.

वसईवाला
आम्ही कॅथलिक, आमच्यात कार्डं नाहीत, पण आमचाही नमुना ऐका. वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेत (8 सप्टेंबरनंतरच्या रविवारपासून आठवडाभर) बाहेरच्या स्टॉलवर मेणाच्या वस्तू मिळतात. घर हवं त्याला घर, पाय दुखतो त्याला पाय, मूल हवं त्याला मेणाची बाहुली. ख्रिस्ती, हिंदू, पारशी, सगळे घेतात. आई दर सप्टेंबरला माझ्या मावशीसाठी एक बाहुली वाहायची. मावशीला मूल झालं नाही. मावशी शेवटी म्हणाली, "आता बाहुली नको नेऊस, साधी मेणबत्ती ने." आणि पुढेही दरवर्षी स्वतः चढ चढून यायची. तिने विश्वास सोडला नाही, मागणं तेवढं सोडलं. तिच्यासारखी प्रार्थना करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही. एवढंच.

पंढरीची_वाट
माळकरी माणूस आहे, चुकून या धाग्यावर आलो आणि शेवटपर्यंत वाचला. आमच्याकडे गंमत उलटी आहे. पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, देव दारात आला, तर त्याने वीट फेकली नि म्हणाला, थांब जरा. तेव्हापासून देवच कमरेवर हात ठेवून थांबलाय. पुंडलिकाने हातातलं काम टाकलं नाही, हे मला तुमच्या यिर्मयाच्या गोष्टीशी कुठेतरी जुळतंय असं वाटतं. चूकभूल द्यावी घ्यावी.

पाळकाचा_पोरगा
@पंढरीची_वाट, जुळतंय की! त्याच पत्रात पाचव्या वचनापासून काय लिहिलंय बघा: घरं बांधा, त्यांत राहा, बागा लावा, त्यांचं फळ खा, मुलांची लग्नं करा, आणि ज्या शहरात तुम्हांला नेलंय त्या शहरासाठी प्रार्थना करा. म्हणजे बाबेलसाठी, शत्रूच्या गावासाठी! सत्तर वर्षं नदीकाठी आकाशाकडे बघत बसा, असं त्यात कुठेही नाही. वचन आणि बागकाम एकाच कागदावर लिहून आलंय.

देवाची_लेक
बागकाम मान्य. पण अब्राहामाचं काय? देवाने वचन दिलेलं असताना त्याने माणसाची युक्ती केली, हे तर शास्त्रातच आहे. त्या ताईंचा मुद्दा अगदीच चुकीचा नाही.

गुलबकावली
आता मला लिहायलाच हवं. वय झालंय, टायपिंग हळू आहे, तुकड्यांत लिहिते.

अब्राहामाने हारान सोडलं तेव्हा तो 75 वर्षांचा. इश्माएल झाला तेव्हा 86, आणि इसहाक झाला तेव्हा 100. मधली पंचवीस वर्षं आपण एका वाक्यात उरकतो. पण हागारेच्या बाबतीत वाईट काय झालं, ते नीट वाचा गं. एक परदेशी दासी, तिला कुणी विचारलं नाही, तिच्या पोटाचा वापर केला, मग तिचा छळ केला, आणि शेवटी पाण्याची एक पखाल देऊन पोरासकट रानात हाकलली. पाप असेल तर ते तिथे आहे. आणि देवाने काय केलं? रानात त्या पोराचं रडणं ऐकलं आणि हागारेला विहीर दाखवली. इश्माएलालाही त्याने वचन दिलंय, तुझं मोठं राष्ट्र करीन म्हणून. ज्या पोराला देवाने टाकलं नाही, त्याचं नाव आपण शिवीसारखं वापरतो, याची मला फार चीड आहे.

दत्तक हवं असेल तर शास्त्रात दुसरी नावं आहेत. मोशे फारोच्या मुलीने वाढवला. एस्तेरला आईबाप नव्हते, मर्दखयाने तिला मुलगी करून घेतली. आणि नासरेथचा योसेफ? ज्याला त्याने घरात वाढवलं, तो त्याच्या रक्ताचा नव्हता. त्याला कुणी म्हणतं का, की घाई केलीस?

गुलबकावली
दुसरा तुकडा. आमची मुलगी दत्तक आहे. म्हणजे मनाने. कागदाने तेव्हा होताच येत नव्हती. 1956 चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यापुरता. ख्रिस्ती, मुसलमान, पारशी जोडप्याला मिळायचं ते इंग्रजांच्या 1890 च्या गार्डियन्स अँड वॉर्ड्स कायद्याखालचं पालकत्व. मूल सज्ञान झालं की तेही संपलं. शाळेच्या फॉर्मवर 'नातं' या रकान्यात यांनी 'वडील' लिहिलं, तर क्लार्कने ते खोडून 'पालक' केलं. ही बापडी तेव्हा पहिलीत होती, घरी येऊन विचारते, "पप्पा, पालक म्हणजे भाजी ना?"

2000 चा जुव्हेनाइल जस्टिस कायदा आला, 2006 मध्ये त्यात दुरुस्ती झाली, मग 2015 चा नवा आला, आणि कुठल्याही धर्माच्या जोडप्याला खरंखुरं दत्तक घेता येऊ लागलं. आमच्या पिढीने याच गोष्टीसाठी प्रार्थना केल्या होत्या, मंडळ्यांनी अर्ज केले होते. उत्तर आलं तेव्हा आमची मुलगी मोठी होऊन गेली होती. ते उत्तर अबोलीसाठी आलंय. आमच्या प्रार्थनेचं फळ समोर ठेवलंय आणि ही विचारतेय, घेऊ का? अगं घे!

कोरडा_पाषाण
काकू, तुम्हांला दंडवत. यावर मी काही बोलत नाही.

दौंडकर
केडगाव आमच्या तालुक्यातलं, मुक्ती मिशन लहानपणापासून पाहतोय, म्हणून पंडिता रमाबाईंबद्दल दोन ओळी. लोक साक्षीत नेहमी त्यांचं मिळालेलं सांगतात: दुष्काळातल्या शेकडो मुली वाचल्या, अन्न पुरलं, 1905 चं पुनरुज्जीवन झालं. न मिळालेलं कुणी सांगत नाही. मनोरमाबाई, एकुलती एक लेक, आईच्या मागे सगळं काम तीच बघणार होती, 1921 मध्ये गेली. रमाबाई तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर करत होत्या, मुक्तीच्याच छापखान्यात मुलींच्या हातून छापून घेत होत्या. लेक गेल्यावरही काम थांबलं नाही. 5 एप्रिल 1922 ला त्या स्वतः गेल्या. पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते त्यानंतर. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायात म्हटलंय की ही सगळी माणसं वचनफल न मिळताच विश्वासात मेली, दुरूनच ते पाहून. मला त्या वचनाचं कार्ड कुणी 31 डिसेंबरला दिलेलं नाही.

पाळकाचा_पोरगा
आणि देणारही नाहीत. :)

देवाची_लेक
मी काल रात्री 1 शमुवेल पहिला अध्याय पुन्हा वाचला. मूल नसलेली हन्ना शिलोमध्ये देवापुढे रडते, ओठ हलतात, आवाज नाही, आणि एली याजकाला वाटतं दारू प्यायलीय. (याजकांनी बाईला ओळखायला चुकणं फार जुनं आहे, हे मीही कबूल करते.) मग तो शांतीने जा म्हणतो. आणि अठराव्या वचनात, ती गेली, जेवली आणि तिचा चेहरा पुन्हा उदास राहिला नाही. तेव्हा पोटात काहीच नव्हतं! तिचा मुलगा शमुवेल पुढे आला. ती जेवली आधी. मी इतक्या वेळा हा अध्याय प्रार्थना सभेत सांगितला, पण नेहमी शमुवेलावर उडी मारली.

अबोलीताई, स्तोत्र 113 मधले शब्द हन्नाच्या गाण्याशी जुळतात, गरिबाला धुळीतून उठवतो वगैरे. वल्हांडणाच्या सणाला सगळं इस्राएल मिळून ते म्हणत असे, एकट्या बाईचं ते नव्हतंच. माझ्या बहिणीची साक्ष खरीच आहे, ती मी मागे घेणार नाही. पण तुम्ही तारखेवर बसू नका. जेवत जा.

पंढरीची_वाट
"जेवत जा" हे फार आवडलं, माउली.

नाव_नको
मुख्य विषय राहू द्या, कामाचं सांगतो, आम्ही यातून गेलोय. काराच्या रांगेतला नंबर नोंदणी पूर्ण झाल्याच्या तारखेवर ठरतो, त्यामुळे 'नाताळपर्यंत बघू' म्हणून थांबलात तर रांगेत मागे जाल, बाकी काही होणार नाही. लहान, निरोगी बाळासाठी तीन-साडेतीन वर्षं सहज लागतात. दोन वर्षांपर्यंतच्या मुलासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज 85 च्या आत हवी, दोन ते चार वर्षांच्या मुलासाठी 90, चार ते आठसाठी 100. होम स्टडी रिपोर्ट (घरी येऊन केलेल्या पाहणीचा अहवाल) तीन वर्षं चालतो, मग पुन्हा. बाळाची माहिती आली की 48 तासांत होय-नाही कळवायचं, तेव्हा फोन सायलेंटवर ठेवून उपासनेत बसू नका, हसू नका, आमच्या ओळखीत झालंय. शेवटचा आदेश पूर्वी कोर्टातून यायचा, 2022 पासून जिल्हाधिकारी देतात.

पाळकाचा_पोरगा
अब्राहाम 100, सारा 90, बेरीज 190. काराच्या एकाही रकान्यात बसले नसते.

कोरडा_पाषाण
आणि होम स्टडीला आलेल्या बाईंना तंबू दाखवला असता. कायमचा पत्ता: मम्रेची एलोन झाडं.

गुलबकावली
दोघांनाही मार देईन. पण हसले.

अबोली_नगर
सगळं दोनदा वाचलं, नवऱ्यालाही वाचून दाखवलं. त्याला यिर्मयाचं "आमेन" आवडलं. म्हणाला, आपणही त्या प्रचारकांना मनातल्या मनात तेवढंच म्हणू, तसं होवो, आणि आपल्या वाटेने जाऊ. काल ताईंना घरी चहाला बोलावून सांगितलं की आम्ही नोंदणी करतोय. हागारेच्या विहिरीचं बोलले. त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, मला पटलेलं नाही, पण होम स्टडीला शेजारीपाजारी विचारतात ना, मी चांगलंच सांगेन. मला एवढं पुरे आहे. मूल व्हावं ही प्रार्थना मी थांबवलेली नाही, कसं येईल ते तेवढं सांगायचं थांबवलंय. किती दिवस टिकेल माहीत नाही. काही रात्री अजूनही स्तोत्र 13 शिवाय काही म्हणवत नाही, दोन वचनांत चार वेळा "किती वेळ" विचारलंय त्यात.

एक अडचण. नवऱ्याचं आडनाव मंडळीच्या लग्नाच्या रजिस्टरात एका स्पेलिंगने आहे आणि पॅनवर दुसऱ्या. पोर्टलवर चालेल का?

नाव_नको
अडवतील. पॅन आणि आधारवर जे आहे तेच लग्नाच्या दाखल्यावर हवं असं धरून चाला. नोटरीकडून दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या, पाळकसाहेबांकडून रजिस्टरचा उतारा सही-शिक्क्यासह घ्या. डॉक्टरांचा दाखला आणि उत्पन्नाचा पुरावाही ताजाच लावा. फायली लहान करून चढवा, मोठ्या फायली अडकतात.

गुलबकावली
प्रतिज्ञापत्राच्या दोन प्रती जास्त काढ गं. पुढे शाळेलाही लागते.